एकवीस बुकमार्कांची लाइन

नीटनेटकेपणात माझा हात धरणारं माणूस डहाणूत तरी मला भेटलेलं नाही, हे मी आजही छाती ठोकून सांगते. २०१६ साली तर मी कॉम्प्युटरमधल्या एका खोट्या जगातल्या जागासुद्धा लावून ठेवल्या होत्या.

तेव्हा मी उधवा गावच्या शाळेत शिकवायचे. डहाणूला घरी आलं, चहा झाला, की त्या आभासी जगात शिरायचे. तिथे आपला एक बाहुलीसारखा अवतार असतो. तो चालतो, उडतो, जगभरच्या लोकांनी बांधलेली बेटं, बाजार, देवळं बघत हिंडतो. प्रत्येक जागेची एक लिंक असते. जागा आवडली की मी ती लिंक ब्राउझरमध्ये बुकमार्क करायचे. पुन्हा क्लिक केलं की अवतार थेट तिथे हजर. दीडेकशे बुकमार्क साठले तेव्हा मी त्यांचे फोल्डर केले, अगदी उधव्यासारखे. तिथे कुणाचंही घर शोधायचं तर आधी पाडा विचारतात. म्हणून माझ्याकडेही बाजारपाडा, देऊळपाडा, पाणपाडा. जागा सापडली नाही असं कधी व्हायचं नाही.

त्याच वर्षी शिमग्याच्या आधी बाबांना अर्धांगाचा झटका आला. बाबा रेल्वेत केबिनमन होते, उभा जन्म गाड्यांना सिग्नल देण्यात गेला. हातपाय बरेचसे सावरले, बोलणंही परत आलं. पण डॉक्टरांनी सहज विचारलं, "काका, वापीकडे जाताना डहाणूनंतर कुठलं स्टेशन?" बाबांनी कपाळ चोळलं. मग म्हणाले, "पालघर?" पालघर बरोबर उलट्या बाजूला! ज्या माणसानं ती लाइन झोपेतसुद्धा सांगितली असती, तो घरी येताना रिक्षात माझ्याकडे बघेना. त्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. मला एवढंच हवं होतं, ती लाइन त्यांना परत मिळावी. मी स्टेशनं पाठ करून घ्यायला गेले तर अंगावर ओरडले, "मला काय पहिलीत बसवतेस?"

एका संध्याकाळी मी त्यांना जवळजवळ ओढतच कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि एक किनारा दाखवला.

"हा खोटा समुद्र काय बघायचा? नरपडला खरा आहे की."

"चला मग नरपडला, चालत!" मी फटकन बोलले आणि लगेच जीभ चावली. पण बाबा हसले. किती दिवसांनी हसले!

तासाभरात ते माझ्या पाड्यांना नावं ठेवायला लागले. "पाड्यात माणूस सापडतं, बाय. गाडी नाही चालत. गाडीला एकापुढं एक लागतं." त्यांनी एकवीस जागा निवडल्या आणि एका फोल्डरमध्ये स्वतःच्या मनाच्या क्रमानं वरून खाली लावायला लावल्या. फोल्डरचं नाव डाऊन लाइन, वापीकडे जाणाऱ्या लाइनीचं. लाकडी पुलावरून निघायचं, दीपगृहाला थांबायचं. पुढची जागा कोणती ते आधी त्यांनी सांगायचं, मगच मी क्लिक करायचं, हा नियमही त्यांचाच. "लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय गाडी सोडायची नाही," म्हणायचे. सुरुवातीला तिसऱ्या जागेपुढे गाडं अडायचं. महिन्याभरात बाराव्या जागेपर्यंत पोचले. चुकले की टेबलावर थाप मारायचे आणि पुन्हा लाकडी पुलापासून सुरू. मला जाम कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू?

जूनमध्ये शाळा उघडली. नव्या हजेरीपटावर मुलांची नावं अक्षराप्रमाणे लावली आणि त्याच हातानं घरी येऊन बुकमार्क उघडले. बाबांची ती वेडीवाकडी ओळ डोळ्यांत खुपली. नावाप्रमाणे लावायचा पर्याय होताच, तो दाबला. सगळं कसं सुरेख झालं! कॉम्प्युटर बंद केला आणि भाजी निवडायला बसले.

संध्याकाळी बाबा खुर्चीत बसले. "लाकडी पूल," म्हणाले. लाकडी पूल यादीत अठरावा.

त्यांची इतक्या आठवड्यांची मेहनत मी एका बोटानं उधळली होती. आणि मला स्वतःला तो क्रम पाठ नव्हता! मी नुसती क्लिक करत आले होते. "बाबा, माझ्या हातून घाण झाली," मी म्हटलं. वाटलं, आता उठतील आणि पुन्हा भिंतीकडे वळतील.

त्यांनी यादी वरून खाली बघितली. "मास्तरीण कुठली," म्हणाले. मग त्यांनी डोळे मिटले.

"ओढ. लाकडी पूल वर घे. मग मासळीबाजार. मग बर्फाचं गाव. काचघर त्याच्या पुढं."

ते सांगत गेले, मी माउसनं ओढत गेले. दोनदा अडले, पण टेबलावर थाप पडली नाही. थोडं थांबायचे, ओठ हलायचे, आणि पुढची जागा यायची. एकविसावं दीपगृह खाली नेऊन ठेवलं आणि मी ओरडलेच, "झालं बाबा! सगळं लागलं!"

त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"घोलवड," ते म्हणाले.

डहाणूनंतरचं स्टेशन!

"बोर्डी रोड. उंबरगाव. संजाण. करमबेली. वापी."

मी भोकाड पसरलं. चाळीशीची बाई, शाळेत पोरांना दरडावणारी, पण त्या वेळी कसली लाज आणि कसलं काय! बाबांनी डोळे उघडले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"रडतेस काय? थांब जरा. भिलाड राहिलं माझं. संजाणच्या पुढं घाल."

मी डोळे पुसले, दीपगृहाच्या खाली त्या स्टेशनांच्या नावांचे सात रिकामे फोल्डर केले आणि भिलाड संजाणच्या पुढे घातलं.