साडेनऊ कोयते

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येतं आणि मागोमाग थोडी लाज वाटते. नोकरीत मी पुष्कळ कबुलीजबाब लिहून घेतले. पण लिहिलेल्या कबुलीवर काही तासांतच स्वतः आडवी रेघ मारण्याची वेळ माझ्यावर एकदाच आली.

बीड जिल्ह्यात बदली होऊन मला जेमतेम बारा दिवस झाले होते. मी मूळचा रत्नागिरीकडचा, दुष्काळ फक्त वर्तमानपत्रात वाचलेला. ठाण्यात सकाळी येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या टँकरच्या रांगेतल्या भांडणांच्या असत आणि बाकीच्या सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीच्या. पाऊस नाही, शेतात ऊस नाही, तरी कारखान्यासाठी एवढी मारामारी कशाला, असं मी हवालदारांना विचारलं. ते तिथलेच, निवृत्तीला आलेले. म्हणाले, "साहेब, इथं कारखाना ज्याचा, आमदारकी त्याची."

सत्ताधारी पॅनेलच्या विरोधात उभे होते ते विरोधी पक्षाचे एक माजी आमदार. सगळा तालुका त्यांना दाजी म्हणे, कारण ते तिथले जावई. सासुरवाडीला येऊन राहिले आणि राजकारणात पडले. दोनदा विधानसभेत गेले, दोन्ही वेळा विरोधी बाकांवर बसले, तिसऱ्यांदा थोडक्यात पडले. जावयाने पाहुणचार घ्यावा, कारखाना मागू नये, अशी त्यांची टिंगल चाले. या खेपेला हरले तर पक्ष पुन्हा तिकीट देणार नाही, हे ते स्वतःच चारचौघांत सांगत. वीस वर्षांचं राजकारण त्या एका मतदानावर येऊन ठेपलं होतं.

मतदानाच्या आदल्या दुपारी मला फोन आला. आवाज मोठा नम्र.

"साहेब, दाजीनं दहा कोयते मागवलेत. उद्या सकाळच्याला टेंपो येतोय चौसाळ्याकडून. ऐन मतदानाच्या वक्ताला. तुमी नवीन हाय, म्हून कानावर घातलं."

नाव विचारेपर्यंत फोन बंद झाला. मी खबर कुणालाच सांगितली नाही. ठाण्यातला प्रत्येक माणूस या नाहीतर त्या पॅनेलचा नातलग, तेव्हा बातमी फुटायला वेळ लागणार नाही, असा माझा हिशोब. त्या गुप्ततेबद्दल मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. आमच्याकडे कोयता म्हणजे कोयता. त्याचा दुसरा काही अर्थ असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी महामार्गावर नाकाबंदी लावली आणि टेंपो बरोबर वेळेवर आला. मागे बायका-माणसं दाटीवाटीने बसलेली. झडती घेतली तर प्रत्येकाच्या बोचक्यात फडक्यात गुंडाळलेला एक कोयता! मी मनातल्या मनात उडीच मारली.

"कावून थांबवली गाडी, साहेब?" त्यांचा मुकादम खाली उतरत म्हणाला. "आमी ऊसतोडीची माणसं, कारखान्याचे सभासद बी हाव. पार सांगलीकडून आलोत मतदानाला. उद्या लगेच माघारी जायचंय."

"मतदानाला कोयते लागतात?"

"गावच्या लोहाराकडून पाणी द्यायचंय त्यास्नी. तिकडच्या लोहाराचं पाणी टिकत न्हाई."

हवालदारही पुढे आले. "खरं हाय साहेब त्याचं. दरसाल असंच करत्यात." पाणी देणं म्हणजे पातं तापवून बुडवून कडक करणं, हेही त्यांनी मला समजावलं. मी त्यांना गप्प बसवलं. खबर पक्की असली की अधिकाऱ्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, हा माझा अनुभव आहे आणि तो माझ्याच खर्चाने आलेला आहे.

सगळ्यांना ठाण्यात आणून व्हरांड्यात बसवलं. अर्ध्या तासात दाजी स्वतःच हजर झाले. पांढरं धोतर, कपाळावर आठ्या, नजर भिंतीवरच्या घड्याळावर. मतदान पाचला संपणार होतं आणि गाव तिथून दीड तासावर. मी त्यांना आतल्या खोलीत बसवून चौकशी सुरू केली.

"तुम्ही दहा कोयते मागवले?"

"मागवले की. त्यात लपवायचं काय?"

एवढी सरळ कबुली! मी पुढे सरसावलो. "कशासाठी?"

"चेअरमनला पाडायचाय."

मी मान वर केली. "हे तुम्ही पोलिसांसमोर सांगताय?"

"गावोगाव भाषणात सांगतोय, तुमालाच कावून चोरू? यंदा त्याला पाडल्याबिगर मी सोडत न्हाई. लिवून घ्या."

मी लिहून घेतलं, शब्दन् शब्द. वर्षानुवर्षं विरोधात बसून हा माणूस टोकाला गेला असणार, असा निष्कर्षही काढला. दाजींची समजूत अशी की, मी सत्ताधाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांची माणसं अडवली आहेत. म्हणून तेही मुद्दाम ठासून बोलत होते. आम्ही दोघेही आपापल्या जागी हट्टाने बरोबर होतो.

दुपारचे अडीच वाजले. पंच बोलावले, कोयते टेबलावर ओळीने मांडले आणि पंचनामा लिहायला घेतला. मुकादमाला समोर उभं केलं.

"बोल, किती कोयते आणलेस?"

"दहा सांगितलं व्हतं. पर साडेनऊ आलेत, साहेब."

मी टेबलावर हात आपटला. "चेष्टा करतोस? समोर एकोणीस दिसताहेत!"

"ती हत्यारं हायत, साहेब. कोयते साडेनऊच हायत."

"आणि तो अर्धा कुठे आहे?"

व्हरांड्यातून चाळिशीची एक बाई पदर सावरत उठली आणि दारात येऊन उभी राहिली. "मी हाय, साहेब."

आधी एक शिपाई हसू फुटून वाकला, त्याच्यामागे दुसरा, आणि शेवटी पंचसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसायला लागले. हवालदारांनीच मला उलगडून सांगितलं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते. हत्यार दोघांकडे असतं, पण एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. त्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटं माणूस आलं तर तो अर्धा कोयता. या बाईच्या नवऱ्याने कंबर धरली होती, म्हणून यंदा ती एकटीच गेली होती.

"हे मला काल का नाही सांगितलंत?" मी जरा चिडूनच विचारलं.

"तुमी इचारलंच न्हाई," हवालदार म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की, फोन करणाऱ्याने एक अक्षरही खोटं सांगितलं नव्हतं. दाजींनी दहा कोयते मागवले होते, टेंपो चौसाळ्याकडूनच आला होता, आणि मी नवीन होतो. त्याला फक्त टेंपो पाचपर्यंत ठाण्यात अडकलेला हवा होता आणि ते काम मी फुकटात करत होतो.

मी कबुलीजबाबावर रेघ मारली, स्टेशन डायरीत 'खबर चुकीची समजली' अशी नोंद माझ्या सहीने केली आणि टेंपो सोडला. दाजींची माफी मागितली. मला वाटलं होतं, आता ते ठाण्यासमोर ठिय्या मारतील, घोषणा होतील, वर तक्रार जाईल. विरोधी पक्षाच्या माणसाला याहून चांगली संधी कोणती? पण ते चपला घालत म्हणाले, "आता वरडत बसलो तर इथंच पाच वाजतील. आन् साहेब, पाडायचं म्हंजे मतात बरं का!" पायरीवरून उतरताना ते मोठ्याने हसले. मलाही हसू आवरलं नाही.

टेंपो वेळेत पोचला. दाजी निवडून आले, थोडक्यात. पुढे तिकीट मिळालं, पुन्हा विधानसभेत गेले आणि पुन्हा विरोधी बाकांवरच बसले. तिथे पोलीस खात्यावर ते तुटून पडत, पण हा किस्सा त्यांनी कधी वापरला नाही. मी त्या जिल्ह्यात तीन वर्षं समाधानाने काढली. पुढे जिथे बदली झाली तिथे पहिला आठवडा मी कुणालाही काही सांगितलं नाही, नुसतं विचारत राहिलो. चहावाल्याला विचारलं, हवालदाराला विचारलं, तक्रार घेऊन आलेल्या म्हातारीलाही विचारलं. आपली भाषा एकच आहे या भरवशावर तपास करणारा अधिकारी हमखास फसतो.

मतदान संपल्यावर त्याच संध्याकाळी ती बाई ठाण्यात परत आली होती. घाईत तिचा कोयता टेबलावरच राहिला होता. मी तो स्वतः आणून दिला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "दाजींना दिलंत ना मत?" त्या भागातल्या बायकांच्या नावावर कारखान्याचा शेअर, म्हणजेच मतदानाचा हक्क, करून देण्यासाठी दाजी कित्येक वर्षं भांडले होते, हे मला तोवर कळलं होतं.

तिने कोयता फडक्यात गुंडाळला आणि माझ्याकडे बघितलं. "टेंपो दाजीचा व्हता, साहेब. मत माजं हाय. उसाच्या फडात मी अर्धी, पर मत अख्खं हाय. कुणाला दिलं ते इचारायचं नसतं."

मी तिची माफी मागितली. त्या दिवसातली ती माझी दुसरी माफी होती, आणि ती मागताना मला जरासुद्धा जड गेलं नाही.