तीन हजार दोनशे बारा जोडण्या

१२ ऑगस्ट २०२४ रोजी महाप्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने उरणच्या गोदामवाल्या ग्राहकाला एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार चारशे रुपये भरपाई दिली. सर्व्हरशी तुटलेल्या दर जोडणीमागे चारशे, अशा चारशे एकाहत्तर जोडण्या. त्या तुटल्या जागृतीच्या हातून, आणि हे सगळ्यांच्या आधी तिनेच सांगितलं.

गोदामांतले वजनकाटे आणि कॅमेरे दिवसभर ज्या सर्व्हरला वेगाने माहिती पाठवत, तो तिच्याकडे होता. नवं सॉफ्टवेअर चढवायचं म्हणजे चालू प्रोसेस, म्हणजे सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम, बंद करून दुसरी सुरू करायची. तेवढ्यात सगळ्या जोडण्या तुटत आणि काट्यांवर ट्रक तुंबत. म्हणून हे काम रविवारी, गोदामं बंद असताना, गुपचूप उरकलं जाई. जागृतीला ते पटत नव्हतं. जुन्या प्रोसेसने चालू जोडण्या न तोडता नव्या प्रोसेसच्या हाती द्याव्यात, असं तिचं म्हणणं. तसं तिने लिहिलं, भर कामाच्या वेळी चालवलं आणि तोंडावर आपटली.

मॅनेजर श्यामसुंदर यांनी कागद पुढे सरकवला. 'पद्धत सदोष असल्याने बंद.'

"सही कर, विषय संपव. नाहीतर सर्व्हर दुसऱ्या टीमला जाईल."

"चूक माझी आहे सर, पद्धतीची नाही. चूक कबूल आहे. यावर सही देणार नाही."

"वकिलीचा क्लास लावलास काय?"

"शुक्रवारपर्यंत थांबा."

"थांबलो. जमवलंस तर अख्ख्या टीमचं कटलेट माझ्याकडून!"

पंधरा ऑगस्टच्या सुट्टीला ती करावे गावात घरीच होती. तिचे वडील शिवा ओट्यावर जाळं सांधत बसले होते. खरं तर तिची पद्धत त्यांच्याच होडीतली. जाळ्याची दोरी दुसऱ्याच्या हाती देताना तो 'धरली' म्हणेपर्यंत देणारा सोडत नाही. तिची जुनी प्रोसेसही तशीच, नवीचा निरोप येईपर्यंत जोडणी धरून राहत होती.

"मंग अरलं कुठं, गुतलं कुठं?" सगळं ऐकून शिवांनी विचारलं.

"तेवढ्या वेळात दोघी माहिती ओढत होत्या, बाबा. अर्धं वजन एकीकडे गेलं, अर्धं दुसरीकडे. ग्राहकाच्या काट्याला काही कळेना, त्याने जोडणी तोडली."

शिवा हसत सुटले. "अगं बाय, इतकी शिकलीस आनि इसरलीस? दोरी धरायची दोगांनी, ओढायची येकानं! देनाऱ्यानं आदी हात थांबवायचा. आनि जालं जेवरं वर आलं हाय, तेवरं बी दुसऱ्याच्या पुढ्यात टाकायचं. सोतापाशी ठेवशील तं भांडन व्हनार."

जागृतीने पुढ्यातला चहा तसाच ठेवला आणि लॅपटॉप उघडला. जुनीने आधी वाचणं थांबवायचं, अर्धवट वाचलेलं जोडणीसोबत नवीला द्यायचं आणि मग नुसतं धरून राहायचं, निरोप येईपर्यंत.

शुक्रवारी श्यामसुंदर म्हणाले, "रविवारी करू. फसलं तर कुणाला कळणार नाही."

"आज दुपारी बारा वाजता, सगळे काटे चालू असताना. फसलं तर सगळ्यांना कळू दे. मग सर्व्हर न्या."

"हट्टी आहेस."

"करावे गावची आहे, सर."

बारा वाजता तिने आज्ञा दिली. आधी जोडण्या तीन हजार दोनशे बारा. जुनी प्रोसेस संपली. नंतरही जोडण्या तीन हजार दोनशे बारा. पडद्यावर उरणच्या काट्यावरचा एक ट्रक वजन देऊन निवांत पुढे निघाला. त्याच्या चालकाला काही झाल्याचं कळलंही नाही.

जागृतीने तो कागद मागून घेतला. 'सदोष असल्याने बंद' एवढे शब्द खोडले, वर 'चालू' लिहिलं आणि आता सही केली.

कँटीनमध्ये अकरा कटलेटचे तीनशे पंच्याऐंशी रुपये त्या दिवशी तिने भरले, कारण श्यामसुंदर यांना मीटिंग होती. ते पैसे अजून यायचे आहेत.