आराखड्यातला बगीचा

गावाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा करायचं ठरलं तेव्हा नगरपरिषदेनं नागरिकांची एक समिती नेमली आणि तीत मला घेतलं. मी मोजणी खात्यातून निवृत्त झालेला भूमापक. चारठाण्यापासून सोनपेठपर्यंत जिल्ह्यातले किती बांध पायाखाली घातले, त्याची गणती नाही. पण मला घेतलं ते त्यासाठी नाही. ओढ्याकाठच्या आमच्या बौद्ध वस्तीतलं एक नाव यादीत दिसायला हवं होतं. पहिल्या बैठकीत माझी खुर्ची दाराशी मांडलेली होती आणि चहा माझ्यापर्यंत येईस्तोवर संपला. तेव्हाच मी काय ते समजलो.

आराखड्याचं काम पुण्याच्या एका कंपनीकडे होतं. त्यांचा एक तरुण पडद्यावर चित्रं दाखवायचा. आमच्या ओढ्यात होड्या, काठानं दिवे, बाकड्यांवर बसलेली गोरीगोमटी माणसं. होळी झाली की त्या ओढ्यात म्हैस बसेल एवढंही पाणी उरत नाही. तुम्ही ओढा पाहिलाय का, असं मी विचारलं. उपग्रहाच्या चित्रावरून सगळा अभ्यास झालाय, असं तो म्हणाला. त्या क्षणापासून तो मला आवडला नाही, आणि मीही त्याला.

तिसऱ्या बैठकीला कच्चा नकाशा भिंतीवर लावला. बाकीचे रंग बघत होते, मी गट नंबर शोधत होतो. आमच्या वस्तीचा नंबर सापडला तो हिरव्या रंगाखाली. खाली सूचीत लिहिलं होतं, उद्यान. विहार, अंगणवाडी, माझ्या आजानं बांधलेलं घर, सगळ्यावर बगीचा.

इथं माणसं राहतात, असं मी म्हणालो. तो तरुण म्हणाला, रेकॉर्डला ही जमीन पडीक आहे. ते खरं होतं. आमची घरं तिथं कुणी कधी चढवलीच नव्हती, आणि ते रेकॉर्ड माझ्याच खात्याचं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नगराध्यक्ष हसले. "काका, हे वीस वर्षांनंतरचं आहे. तोवर तुम्ही कुठं, आम्ही कुठं."

"माझी नातवंडं असतील," मी म्हणालो. "तुमचीही असतील. तुमच्या बंगल्यावर का नाही टाकला बगीचा?"

शेजारचा कापडवाला व्यापारी समजुतीच्या सुरात म्हणाला की बगीचा झाला तर तुमच्या माणसांचाच फायदा. पुन्हा 'तुमची माणसं' म्हणालात तर ही खुर्ची फेकून मारीन, असं मी त्याला सांगितलं. इतिवृत्तात नोंद झाली ती अशी: एका सदस्याने सूचना मांडली.

मग मी वस्ती मोजायला काढली. घर न् घर, गल्ली न् गल्ली. फितीचं दुसरं टोक कधी बायकोनं धरलं, पण बहुतेक दिवस धरलं ते ओढ्यापलीकडच्या एका कास्तकारानं. त्याचं दोन एकर रान, त्यात मेथी, वांगी, थोडी कोथिंबीर. भावाशी बांधावरून भांडण झालं तेव्हा ते रान मीच मोजून दिलं होतं, आणि तेव्हापासून माझा सकाळचा चहा त्याच्या रानातल्या आखाड्यावर, खोपीपुढं, असायचा. आठ दिवस तो आपलं पाणी द्यायचं सोडून माझ्यामागं फिरला. वांगी सुकायलीत, असं मी म्हटलं तर म्हणाला, सुकू द्या, आधी तुमची घरं.

हरकती घेऊन गेलो तर कारकुनानं प्रत्येक घराचा अर्ज वेगळा, आणि तोही तीन प्रतींत मागितला. दिल्या. मग सह्यांऐवजी अंगठे कशाला म्हणून अडवलं. म्हाताऱ्या बायकांना घेऊन जाऊन मी त्यांना त्याच्या टेबलासमोर उभं केलं.

सुनावणीला बाहेरून एक निवृत्त अधिकारी आले होते. त्यांनी माझा नकाशा बराच वेळ पाहिला. काम चोख आहे, असं म्हणाले. मी सुखावलो, हे कबूल करतो. मग ते म्हणाले, घरांवर बगीच्याचं आरक्षण ठेवता येणार नाही, पण नियमाप्रमाणं बगीचा गावात कुठंतरी द्यावाच लागेल. "तुम्ही इथले जाणकार. जागा कुठं आहे?"

"ओढ्याच्या पलीकडे मोकळी जागा आहे," मी म्हणालो.

माझ्या मनात गायरान होतं. नगराध्यक्ष लगेच म्हणाले की गायरानावर व्यापारी संकुल ठरलंय. ते कुणासाठी ठरलंय, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. गायरान वगळलं की पलीकडे काय उरतं, हे मला त्या खोलीत सगळ्यांत आधी कळलं. साहेबांची पेन्सिल नकाशावर सरकत त्या दोन एकरांवर थांबली. माझ्या नकाशावर ती जागा कोरी होती, कारण मी फक्त घरं काढली होती. मी तोंड उघडलं असतं तर पेन्सिल कदाचित परत आमच्या वस्तीवर आली असती. मी गप्प बसलो.

आराखडा मंजूर झाला तेव्हा वस्तीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी तो कास्तकार माझ्या दारात आला, पण आत आला नाही.

"साहेब, माझं रान तुमीच मोजलं व्हतं," तो म्हणाला. "तुमाला म्हाईत व्हतं."

मी हरकत लिहून देतो म्हणालो. मुदत संपून गेली होती, हे त्यालाही ठाऊक होतं. तो निघून गेला. रानातल्या विहिरीजवळ त्याला लेकासाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या, आरक्षणामुळं परवानगी मिळाली नाही. बगीचाही झाला नाही. आठवडी बाजारात मी त्याच्यासमोर उभा राहिलो तर तो माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला भाव सांगतो.

नगराध्यक्षांनी सत्काराला बोलावलं, मी गेलो नाही. ते आरक्षण उठवा म्हणून त्याच्या वतीनं मी दर महिन्याला अर्ज देऊ लागलो. त्याला ते कळलं, तेव्हा त्यानं माझ्या बायकोजवळ निरोप दिला: साहेबाला सांगा, माझ्या नावानं भीक मागू नका.

म्हणून पुढचा अर्ज मी माझ्या नावानं दिला. पेन्सिल त्या रानावर थांबली तेव्हा ती जागा मोकळी नाही हे मला माहीत होतं, आणि तरी मी बोललो नाही, असं त्यात लिहिलं. कारकुनानं तो दोनदा वाचला. असा अर्ज कशातच बसत नाही, असं सांगून पोच द्यायला नकार दिला. मी त्याच्या टेबलासमोर बसून राहिलो. तो दोनदा चहाला जाऊन आला. शिपाई पंखे बंद करू लागला तेव्हा कुठं त्यानं शिक्का उचलला आणि माझ्याकडे न बघता कागदावर हाणला.