काळवत्री वितळली तो दिवस

माझे बाबा विहिरी खणायचे. म्हसळ्याच्या आसपासच्या कितीतरी गावांत त्यांच्या हातच्या विहिरी आहेत. पुढे बोअरवेलच्या गाड्या आल्या आणि ते काम संपलं. सुरुंगांच्या आवाजानं त्यांचा डावा कान गेला होता, गुडघेही धरले होते. दिवसभर ओटीवर बसून असायचे. मी तेव्हा ऑफिसातली नोकरी सोडून मागच्या पडवीत गॅसची भट्टी लावली होती आणि मातीची भांडी करत होते. बाबांना ते पटलं नव्हतं. "एवढी शिकलीस आन परत चिखलात हात घातलास?" असं एकदा म्हणाले, मग तो विषय त्यांनी काढलाच नाही.

भांड्यावर काचेसारखा जो चकचकीत थर असतो, त्याला आम्ही ग्लेझ म्हणतो. त्याची पूड मी मुंबईहून तयार मागवायचे. मला ते खटकत होतं. माती इथली, हात माझे, आणि वरचा रंग मात्र पाकिटातला. आपल्याकडे पायाखाली इतक्या तऱ्हेचे दगड आहेत, ते भट्टीत घातले तर काय होईल, असं डोक्यात आलं. हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावरून एक सुंदर गोल गोटा उचलून आणला, दोन दिवस उन्हात ठेवला आणि पुढच्या भट्टीत भांड्यांच्या मधोमध ठेवून दिला.

भट्टी पेटवून तीनेक तास झाले असतील, तेव्हा आतून धाडकन आवाज आला. गॅस बंद केला आणि भट्टी निवायची दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली. दार उघडलं तर गोट्याच्या चिपा सगळीकडे उडाल्या होत्या आणि नऊ भांडी फुटली होती. मी तशीच जमिनीवर बसले. मागून बाबांचा आवाज आला.

"दगड कुठचा आनलास?"

"समुद्रावरचा."

"त्यो पाणी प्यालेला असतो. आगीत फुटनारच."

"तुम्हाला कसं माहीत?"

"सुरुंग मिळायचे न्हाय तवा माझा बापूस खडकावर लाकडं पेटवायचा. खडक तापला की वरून घागरी वतायचा. तडकायचा खडक. दगडाला आग काय करते ते मला इचार ना."

आणि मी कधी विचारलंच नव्हतं. चाळीस वर्षं दगडाशी झुंजलेला माणूस घरात होता आणि मी पुस्तकं चाळत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून काठी घेतली आणि मला गावाबाहेर नेलं. त्यांनी खणलेल्या शेवटच्या विहिरीच्या कडेला उपसलेल्या दगडांचा ढीग अजून पडून होता. बाबा लहान हातोडीनं एकेक दगड ठोकायचे आणि चांगला कान पुढे करून ऐकायचे. बद्द वाजला की टाकून द्यायचे, टणत्कार आला की माझ्या पिशवीत. काळा कठीण दगड दाखवून म्हणाले, "ही काळवत्री. अकरा हातांवर लागली. पाच सुरुंग खाल्लेन तिनं." वरच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळ माळावरून, आम्ही तांबडा जांभा घेतला, ओढ्याकाठची पांढरी गारगोटी घेतली. घरी आल्यावर सगळे दगड फोडून त्यांचे आवळ्याएवढे तुकडे केले आणि आईच्या चुलीच्या वैलावर आठवडाभर वाळत ठेवले. आईला भात शिजवायला जागा उरली नाही. ती रोज कुरकुर करायची आणि रोज तुकडे उलटून ठेवायची.

या वेळी प्रत्येक तुकड्याला मी मातीची छोटी वाटी केली, म्हणजे दगड वितळला तरी भट्टीच्या फरशीला चिकटणार नाही. सुरुवातीचे काही तास आच अगदी मंद ठेवली. ती शहाणपणाची सूचना बाबांचीच. भट्टीसमोर खुर्ची टाकून ते उजवा कान लावून बसले होते. आवाज आला नाही.

भट्टी उघडली त्या दिवशी सकाळी आई, बाबा आणि मी, तिघंही दारात. गारगोटीचा पांढरा फटफटीत भुगा झाला होता. जांभा काळपट होऊन आक्रसला होता, पण वितळला नव्हता. आणि काळवत्रीच्या वाटीत दगडच नव्हता. तिथे काळंभोर, चकाकणारं तळं होतं, कडेला किंचित तपकिरी. मी वाटी बाबांच्या हातात दिली. त्यांनी नखानं टिचकी मारून पाहिली, उजेडाकडे धरली.

"हिचं पाणी झालं," ते म्हणाले. आईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

तिथून पुढचं सोपं नव्हतं. बाबा लोखंडी खलात काळवत्री कुटायचे, आई ती जुन्या ओढणीतून चाळायची, मी त्यात सुरूच्या लाकडाची राख मिसळायचे. पहिल्यांदा ग्लेझ ओघळून भांडी फरशीला चिकटली. दुसऱ्यांदा नुसता खरबरीत चॉकलेटी लेप. पावसाळा संपेपर्यंत मी प्रमाणं बदलत राहिले, थोडी शेतातली माती घातली, आणि शेवटी एक वाडगा निघाला: आतून काळा, काठावर गंजासारखा तांबूस. मी तो दोन्ही हातांत धरून अंगणभर फिरले. एवढा अभिमान मला आयुष्यात कशाचाच वाटला नव्हता, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मला मातीकाम शिकवणाऱ्या बाई दिवाळीनंतर घरी आल्या. त्यांनी वाडगा उलटासुलटा करून पाहिला.

"हे ग्लेझ कुठून मागवलंस?"

मी तोंड उघडायच्या आत ओटीवरून बाबा म्हणाले, "मागवलं न्हाय. माझ्या इहिरीतलं हाय. माझ्या पोरीनं बनवलंन."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि बाबांना हात जोडले. मग दोघं अर्धा तास दगडांबद्दल बोलत बसले. मी चहा करायला आत गेले, कारण डोळे भरून आले होते.

आता आसपासची मंडळी कुठे खणताना वेगळा दगड लागला की आमच्याकडे घेऊन येतात. कुठला भट्टीत जाईल आणि कुठला नाही, हे बाबा ठरवतात, आणि त्यांचं अजून एकदाही चुकलेलं नाही. गेल्या आठवड्यात टॉवेलात गुंडाळून त्यांनी स्वतः एक हिरवट दगड आणला.

"बाय, ह्यो या खेपेला जायलाच पायजे."

भट्टी गच्च भरली होती. मी माझे दोन कप बाहेर काढून ठेवले आणि त्याला जागा केली.