सात मिरच्या आणि बारा मजले

शारजात एक बारा मजल्यांची बिल्डिंग मी एकटीने रिकामी केली. वय त्र्याहत्तर, गुडघे दुखरे, हत्यार म्हणाल तर सात सुक्या मिरच्या.

झालं असं, शनिवारी दिवेलागणीला माझी नात इरा हॉलमध्ये मिठाचं गोल रिंगण काढून आत बसली. चार दिशांना चार मेणबत्त्या, अंगात काळा झगा. (झगा म्हणजे आईचा जुना गाऊन!)

"अगं, रांगोळी संपली का?"

"आजी, धिस इज अ रिच्युअल!"

म्हणाली, जुने लोक चंद्र, झाडं, वारा पुजायचे, ते आता परदेशातले लोक पुन्हा करू लागलेत. फोनवर त्यांचा ग्रुप आहे, ही त्यात शिकते.

"मग आम्ही इतकी वर्षं काय करत होतो? बरं, मागतेस काय?"

पोरगी खाली बघत म्हणाली, "युवर व्हिसा."

माझ्या लेकाने, प्रकाशने, मला इथेच ठेवायला अर्ज केला होता. मंगळवारी उत्तर यायचं होतं. नाही म्हणाले की मी परत, गावी, एकटी.

"मिठाने व्हिसा मिळतो?"

"मिठाने नाही गं! मनातलं हाताने करायचं. मग माइंड स्टेडी होतं."

हे मला बरोबर कळलं. आमचे हे गेले तेव्हा प्रकाश सात वर्षांचा. मी चार घरची धुणीभांडी करायचे. सकाळी तुळशीला पाणी घालायचं, मग निघायचं. तुळस काही येऊन भांडी घासत नव्हती, मीच घासायचे. पण पाणी घातल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

पोरगी माझ्यासाठी एवढं करतेय, तिला कुणाची नजर लागली तर? म्हटलं, दृष्ट काढून टाकू. मिरच्या घेतल्या, मोहरी घेतली आणि मीठ तिच्याच रिंगणातलं उचललं.

"आजी! यू ब्रोक द सर्कल!"

"दार ठेवलंय. बस गप."

सात वेळा ओवाळलं, इडा पिडा टळो म्हटलं आणि सगळं तापल्या तव्यावर टाकलं. गावी हे अंगणात करतात, धूर आभाळात जातो. इथे तो एसीत गेला! फायर अलार्म असा कोकलला की मी तव्यालाच हात जोडले. मग गॅस बंद केला, पोरीला धरलं आणि जिना!

खाली सगळी बिल्डिंग खोकत उभी. एक साहेब अर्ध्या दाढीचे. एक बाई डोक्याला मेंदी थापलेली. इराच्या हातात अजून मेणबत्ती! तेवढ्यात दुबईचा ट्रॅफिक सोसून प्रकाश उतरला. झगा बघितला, मेणबत्ती बघितली आणि पांढरा पडला.

"आई, इथे जादूटोणा म्हणजे गुन्हा, नुसतं म्हणालात तरी खलास! व्हिसा राहू दे, सगळेच परतीच्या विमानात!"

वॉचमन आलाच. "अम्मा, क्या जलाया?"

इराने तोंड उघडलं, "अंकल, इट्स मॅजि..."

"चटनी!" मी ओरडले. "मिरची भूना! चटनी!"

"कौनसी चटनी में पूरा बिल्डिंग नीचे आता है?"

तिसऱ्या मजल्यावरच्या झुबेदाबी रत्नागिरीच्या. त्यांनी हवेत एकदा नाक फिरवलं आणि त्यांना सगळं कळलं! ठसक्यात म्हणाल्या, "हमारे कोकण का चटनी ऐसाच होता, भाई!" मग माझ्या कानाशी लागल्या, "आजी, नजर असली तर ठसका लागत नाय. हितं बारा मजले खोकतायत! पोरीला नजर नव्हतीच वो!"

म्हणजे सगळा खटाटोप फुकट!

मंगळवारी व्हिसा झाला. इरा म्हणते, तिच्या रिंगणाने. प्रकाश म्हणतो, त्याच्या पगाराच्या कागदाने. मला वाद घालायला वेळच नाही, कारण त्या धुराच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळीच, वॉचमन रिकामी बरणी घेऊन दारात उभा होता. "अम्मा, वो चटनी?" मागोमाग अर्ध्या दाढीचे साहेब, मेंदीवाली बाई...

व्हिसा वर्षाचा मिळालाय. तेवढं वर्षभर आता बारा मजल्यांना चटणी!