सकाळी जेवल्यावर एक

शिनोलीहून मामीचा फोन आला, तेव्हा मी घोडेगावच्या दवाखान्यात गोळ्यांची पाकिटं भरत होते. "ह्यांचं तोंड वाकडं झालंय गं... बोलत न्हाईत." डॉक्टरांच्या जीपमधून पोचलो तर मामा ओसरीवर आडवे, उजवा हात लुळा. मला पाहिलं आणि डाव्या हातानं सदऱ्याचा खिसा चाचपायला लागले. पुन्हा पुन्हा. मला वाटलं, तंबाखूची पुडी. "मामा, आता तरी तंबाखू सोडा हो!" मी ओरडलेच. माझं त्यांच्याशी तेच शेवटचं बोलणं... पुण्याच्या वाटेवर, मंचर ओलांडलं आणि ते गेले. त्याला आता दोन महिने होतील.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. माझे वडील लवकर गेले, नर्सिंगला मला मामांनीच घातलं. अंगानं धडधाकट, चेहरा लालबुंद. गावातले म्हणायचे, काय रक्त आहे माणसात! मला त्या लालीचाच संशय आला. एकदा बळेच बसवून दंडाला बीपीचा पट्टा बांधला, तर वरचा आकडा एकशेऐंशी. डॉक्टरांनी समजावलं, हा आजार दुखत नाही, खुपत नाही, आणि मेंदूतली नस कधी फुटेल सांगता येत नाही. गोळी रोज, जन्मभर. मामा हसले. "मला कायबी व्हत न्हाई, मंग गोळी कशापायी?" मी दम भरला, "माझी शपथ आहे तुम्हाला." तेव्हा निमूट मान डोलावली. पाकिटावर मी ठळक अक्षरात लिहून दिलं: सकाळी जेवल्यावर एक.

मामांचा सोमवारचा उपवास असे. भीमाशंकरला जाऊन आले की मंगळवारी सकाळीच मला प्रसाद द्यायला यायचे. मी पट्टा बांधायचे, आणि दर मंगळवारी बीपी वाढलेलाच! "गोळी घेता ना?" "तुझी शपथ हाय, चुकवीन व्हय?" डॉक्टरांनी गोळी वाढवली. तरी तेच. मग मी मामीवर घसरले. लोणचं बंद करायला लावलं, तिच्या पिठल्यातलं मीठसुद्धा चाखून पाहिलं. श्रावणात भीमाशंकरच्या वाटेवर गर्दी, त्यामुळे मामांचं माझ्याकडे येणं झालं नाही. निरोप आला, तब्येत झकास आहे. मीही निर्धास्त राहिले, मूर्खासारखी.

तेरावं झाल्यावर मामीनं तो सदरा माझ्यापुढे ठेवला. खिशात तंबाखू नव्हतीच. माझ्या अक्षरातलं पाकीट होतं, जवळजवळ भरलेलं.

"मामी, गोळ्या घेत नव्हते?" माझा आवाज चढला.

"घ्यायचे की गं! पण श्रावण न्हाई का? महिनाभर सकाळचा निस्ता फराळ, जेवण ते रातीला. सकाळचं जेवणच न्हाई, तर जेवल्यावरची गोळी घ्यायची कशी? एरवी दर सोमवारीबी तसंच. तुझं लिहिलेलं लई पाळलं बाई त्यांनी."

वाटीभर साबुदाण्याची खिचडी पोटात जात होती, अहो! पण फराळ म्हणजे जेवण नव्हे. ह्याच मातीत वाढलेय मी, मला हे सुचू नये? दर मंगळवारी त्यांच्यासमोर बसून उपवासाचा प्रसाद खात होते, आणि मीठ मात्र मामीच्या पिठल्यात शोधत होते. मामांचा राग येत नाही. माझाच येतो, आणि तो जात नाही.

ते पाकीट दवाखान्यात माझ्या टेबलाच्या खणात आहे. आता मी पाकिटावर लिहिते, "रोज एक, उपवास असला तरी." लोक हसतात. परवा निरगुडसरच्या एका आजोबांनी वाचून विचारलं, "बाई, उपासाला चालती का गोळी?" "चालते," मी म्हटलं, आणि पट्टा बांधायच्या आधी त्यांना विचारलं, "बाबा, उपवास कोणकोणते करता?"

मामांना मी हे एकदाही विचारलं नव्हतं.