चिमूटभर मीठ
कॉव्हेंट्रीत कडाक्याची थंडी पडली आणि कौन्सिलची लॉरी बर्फ जमू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकत गेली, की मला बाबांनी पाहिलेली शेवटची कुस्ती आठवते. तरुणपणी तालमीत घाम गाळलेले बाबा हार्ट फेल्युअर झाल्यावर आमच्याकडे सोफ्यावर बसून टीव्हीवर जपानी सुमो बघायचे. खोलीभर बामचा वास असायचा. त्या दुपारी एका अगडबंब पैलवानाने रिंगणात मूठभर मीठ उधळलं. "आखाडा पवित्र करतात बघ. आपण मातीत हळद-ताक घालायचो ना, तसंच," बाबा म्हणाले. मग समोरच्या अळणी पेजेकडे बघत हळूच म्हणाले, "चिमूटभर दे गं." मी पडले डॉक्टर. त्यांच्या सुजलेल्या पायावर बोट दाबून खड्डा दाखवला आणि फटकारलं, "मिठाने सूज वाढेल. बाबा, लहान मुलासारखं करू नका." टीव्हीवर हरलेला पैलवान वाकून नमस्कार करून निमूट बाहेर पडला. बाबांनीही पेजेच्या वाटीला हात जोडले आणि ती बाजूला सारली. चार दिवसांनी ते गेले. एका चिमटीने काही बिघडलं नसतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आज खिडकीतून बघतेय, तर रस्ताभर नुसतं मीठ पसरलंय.